आत्याच्या मुरडीच्या करंज्या

नाताळाआधीच्या आगमनकाळात दर रविवारी, चर्चमधली उपासना आटोपली की आमच्या वस्तीतल्या बायका पाळकबाईंच्या पडवीत करंज्या करायला बसत. घरटी एक बाई, पीठ-सारण सगळ्यांचं मिळून, आणि संध्याकाळी त्याच करंज्या घरोघर वाटायच्या. कुणाची करंजी कुणाच्या ताटात गेली हे विचारायचं नाही, अशी रीत. पंधरावीस ख्रिस्ती घरं, चहूकडे सागाचं जंगल. एकमेकांवाचून आमचं होतं कोण?

त्या वर्षी माझी आत्या महारोग्यांच्या इस्पितळातून बरी होऊन परतली होती. धोका उरला नाही, असं डॉक्टरांनी पाळकांना समक्ष सांगितलं होतं. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. तरी करंजीला मुरड घालावी तर तिनंच.

शनिवारी ती मला म्हणाली, "त्याईनं मले आपल्यात बसू दिलं तं राहीन. नाईतर नाताळाआधी इस्पितळात परत जाईन."

पहिल्या रविवारी पाळकांनी आशेवर लांबलचक प्रवचन झोडलं. मग पडवीत "या बाई, बसा बाई" सुरू झालं. इतका गोडवा की कानात मुंग्या याव्यात. आत्या बसली आणि एकेक बाई पाय अवघडल्याचं निमित्त करून सरकू लागली. थोड्या वेळानं मधे बैलगाडी उभी राहील एवढी जागा झाली. तिला पोळपाट वेगळा, पीठ वेगळं, परात वेगळी. एक म्हातारी तर नाकाला पदर लावून पार खांबाआड जाऊन बसली. "काय सुरेख मुरड हो!" पाळकबाई लांबूनच म्हणाल्या. आत्या लाजली. मला मात्र त्या कौतुकाचीच शिसारी आली.

संध्याकाळी परात विसळायला मी मागच्या अंगणात गेले. उकिरड्यावर डुकरं जमली होती. त्यांच्या तोंडात आत्याच्या करंज्या होत्या. ती बारीक मुरड मी कुठंही ओळखली असती. हातातली परात मी दगडावर आपटली. करंज्यांमुळे नाही, डुकरांमुळेही नाही. आत त्याच बायका भजन म्हणत होत्या, म्हणून.

"अगं, हातून पडल्या गं!" पाळकबाई बाहेर येऊन म्हणाल्या. वीस करंज्या हातून पडल्या!

वळून पाहिलं तर मागं आत्या उभी. घरी येऊन तिनं माळ्यावरची पेटी खाली काढली.

मी आठवडाभर दारोदार फिरले. पुढच्या रविवारी करंज्या आमच्याकडे, म्हणून सांगितलं. सगळ्या "येऊ की" म्हणाल्या आणि एकही आली नाही. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाकडे पाहुणे आले होते. या लोकांबरोबर नाताळ करायचा, या विचारानंच माझं तोंड कडू झालं. आत्या मांडलेल्या पोळपाटाशेजारीच बसून लुगड्यांच्या घड्या घालत होती.

दुपार कलली तशी दारात ती खांबाआडची म्हातारी येऊन उभी राहिली. जंगल खात्यातल्या गार्डाची विधवा. तिच्या जिभेला सगळी वस्ती भ्यायची.

"मले किळस येते," ती उंबऱ्यातूनच आत्याला म्हणाली. "खोटं काऊन बोलू? तुह्या बोटाकडं पाह्यलं का कसंतरीच होते. पण त्या रांडाईनं डुकराईले चारलं, त्याची जास्त किळस आली. सरक, बसू दे."

आत्या सरकली. म्हातारी तिच्या पोळपाटाला गुडघा लावून बसली आणि पाऱ्या लाटू लागली. मी चूल पेटवली. पहिला घाणा निघाला तेव्हा म्हातारीनं आत्याच्या मुरडीची करंजी उचलली, डोळे गच्च मिटले आणि औषध घ्यावं तशी तोंडात कोंबली. आत्या मुरड अर्धी टाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मीही.

म्हातारीनं चावलं, गिळलं, डोळे उघडले.

"सारण अगोड आहे. साखर टाकताना हात आखडला का तुहा? इस्पितळात जाऊन रांधणंच विसरली का वं?"

परतल्यापासून आत्याशी कुणी भांडलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला.

"फुकटचं खाते अन् वरून नावं ठेवते!" ती कडाडली. "पुढच्या रविवारी सारण तूच आण घरून!"