मामाचा डबा, काकाचा लॅपटॉप

माझ्या कॉम्प्युटरला कुणी डबा म्हटलं की माझं टाळकं सरकतं. मी म्हटलं तर चालतं, कारण तो माझा आहे. गंगाखेडला माझं कापडाचं दुकान आणि दुकानाच्या माळ्यावर हा डबा. हँडीकॅम घेतला तेव्हा त्याच्यासोबत एक सीडी आली होती, व्हिडिओ कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर त्यात होतं. ते डब्यात टाकलं त्याला आता एवढी वर्षं झाली की हँडीकॅम म्हणजे काय हेच नव्या पोरांना सांगावं लागतं. डब्याला मी इंटरनेट कधी दाखवलंच नाही. कशाला उगा नाही त्या सवयी लावायच्या!

त्या सॉफ्टवेअरला तीन गोष्टी येतात. कापणं, जोडणं, आणि दोन तुकड्यांच्या मधे पत्त्यातल्यासारखा एक बदाम उघडून पुढचं चित्र दाखवणं. आमच्या नात्यातले सगळे साखरपुडे, सगळी बारशी, सगळी जावळं या बदामातून निघालेली आहेत. एका पाहुण्याच्या पुण्यतिथीच्या व्हिडिओतही सवयीनं बदाम पडला होता. त्यावरून बरंच बोलणं खाल्लं. ते असो.

माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, पाथरीला दिलेली. तिचा धाकटा दीर तिथंच शाळेत विज्ञान शिकवतो आणि त्यालाही हाच नाद. आक्काच्या पोरीचा मी मामा अन् तो काका. फरक एवढाच की मला जुनं सुटत नाही आणि त्याला जुनं पचत नाही. दर थोड्या दिवसांनी नवीन लॅपटॉप, नवीन सॉफ्टवेअर, आणि मग मुद्दाम मला फोन. मी त्यांना सर म्हणतो, ते मला मामा म्हणतात. मनातल्या मनात एकमेकांना काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही.

"मामा, तुमी अजून त्या डब्यावरच बसलाव का?"

"सर, तुमचं सॉफ्टवेअर तुमचं ऐकतं, का तुमी त्याचं ऐकता?"

"आता ऐकायचं कामच न्हाई. बटन दाबायचं, बास. चांगला शॉट कोणता अन् वाईट कोणता, त्याला सगळं कळतं. हाललेलं, धूसर, डोळे मिटलेलं, सगळं आपोआप काढून टाकतं."

"मग आपल्या घरातलं त्यात ऱ्हातं तरी कोण?" मी विचारलं. सरांनी फोन ठेवला.

अशात भाचीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी. कोण शूटिंग करणार अन् कोण कापणार यावरून आमची महिनाभर कुरबुर चालली. शेवटी दोघांनीही आपापलं करावं असा दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, निकाल दिला, कारण दाजींना शांततेत जेवायचं होतं.

हळदीच्या दिवशी आक्कानं आम्हा दोघांना सामानाच्या खोलीत बोलावून घेतलं. रुखवताच्या परातींमधे ती अंग चोरून उभी होती. आमच्याकडं नवरीच्या आईनं लग्न लागताना बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की ती तुळशीजवळ जाते आणि अक्षता पडेपर्यंत तुळशीला पाणी घालत राहते. मामानं मात्र नवरीच्या पाठीशी उभं राहायचं.

"आरे, सगळी दुनिया बघंल," आक्का म्हणाली, "अन् मी तिकडं झाडाला पाणी घालत ऱ्हाईन. अक्षदा पडताना माझ्या लेकीचं तोंड कसं दिसलं, तेवढं मला दाखवा. बाकी तुमी काय बी कापा, काय बी जोडा. तेवढं मातर मला बघायचंय."

"वहिनी, माझ्यावर सोडा," सर म्हणाले.

"आक्का, माझ्यावर सोड," मी म्हणालो.

आणि बाहेर आल्या आल्या व्हरांड्यात आमचं जुंपलं.

खरी अडचण मला नंतर लक्षात आली. मी नवरीच्या पाठीशी उभा म्हणजे कॅमेरा सरांच्या हातात! माझा हँडीकॅम दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. पट्टा त्यांच्या मनगटात नीट अडकवून मी सांगितलं, "हे लाल बटन. झूमला हात लावायचा न्हाई." सर म्हणाले, "मामा, मी सायन्स शिकवतो." मी म्हटलं, "म्हणूनच सांगायलोय."

मंगल कार्यालयात तुळस होती, पण कुठं? मागं भटारखान्याच्या दाराशी, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली. आक्का हातात तांब्या घेऊन तिकडं गेली. इकडं अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि त्याच घडीला माझ्या हँडीकॅमची बॅटरी बसली. चार्ज केली होती हो, देवाशपथ केली होती. सरांनी हँडीकॅम माझ्याकडं उंच करून दाखवला, खांदे उडवले आणि खिशातून आपला नवाकोरा फोन काढला. मी तिथूनच डोळे वटारले. पण मंगलाष्टकं चालू असताना मामाला ओरडता येत नाही.

शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि मला काय झालं कळलंच नाही. गिऱ्हाइकाशी, बायकोशी, पोस्टमनशी, सगळ्यांशी भांडणारा माणूस मी, तो एकदम हमसून हमसून रडायला लागलो. नाक, तोंड, सगळं एक. पुढं सरांचा फोन माझ्यावरच रोखलेला. त्या अवस्थेतही मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, आपल्या डब्यावर हे तेवढं कापून टाकू.

पण कापणार काय, कपाळ! सरांनी फोनमधलं ते शूटिंग पेनड्राइव्हवर घालून जीपवाल्याबरोबर गंगाखेडला पाठवलं. डब्यानं ते उघडलंच नाही. काळी चौकट दाखवली आणि खाली इंग्रजीत एक ओळ, जिचा अर्थ 'हे कुठून आणलंस' असा असावा. मी गोंजारलं, बंद करून चालू केलं, बाजूला थापट्या मारल्या. डबा बधेना. एवढ्या नव्या फोनचं चित्र त्याच्या बापजन्मी त्यानं पाहिलेलं नव्हतं.

त्यामुळं माझ्या पिक्चरात हळद होती, रुखवत होता, टॉवेल-टोपीचा आहेर घेणारा एकूणएक पाहुणा होता, फक्त लग्न नव्हतं. बदाम उघडायचा, मुंडावळ्या बांधलेली पोरगी दिसायची. बदाम मिटायचा आणि एकदम पंगतीत बुंदी वाढायला सुरुवात, कारण बॅटरी पुन्हा चार्ज होईतोवर पंगत बसली होती. दोनदा पिक्चर पहिल्यापासून लावून बघितला, लग्न काही सापडेना. मग मनाची समजूत घातली की ते अक्षतांचं सरांकडं तर असेलच. सरांचं चांगलं यावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तेही आक्कासाठी.

मांडवपरतणीला पोरगी अन् जावई माहेरी येणार, त्या दिवशी दोघांचे पिक्चर दाखवायचे ठरले. डब्याचा पिक्चर डब्यातच चालतो, बाहेर काढायला गेलं की तो अर्ध्यात फतकल मारतो. म्हणून मी डबाच गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन सोनपेठमार्गे एसटीनं निघालो. कंडक्टरनं वाकून बघितलं.

"लेकरू झोपलंय का?"

"कॉम्प्युटर हाय."

"मग गोधडी कशाला?"

"रस्ता तुमी बघितला न्हाई का?" मी म्हटलं. त्यानं मुकाट तिकीट फाडलं.

पाथरीला पोचलो तर सरांनी आधीच लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलेला. समोर सतरंजीवर आक्का, तिच्या सासूबाई, पोरगी, जावई. खुर्चीवर दाजी. आक्कानं लग्नातलंच लुगडं नेसलेलं. पहिला मान सरांचा.

आता काय सांगू, सुरुवात झकास होती. पोरगी गाडीतून उतरते, पदर सावकाश उडतो, मागं बासरी. सगळ्यांची तोंडं उजळलेली, अगदी दाजींचंही. माझी तर आग झाली. मग अंतरपाट आला. आक्का पुढं सरकून बसली. अंतरपाट बाजूला झाला आणि सगळ्या वऱ्हाडानं हात वर केले.

हवेत एक दाणा नाही.

सगळं गाव हात उगारून उभं आणि मधोमध पोरगी बिचारी एकटी. तिच्या पाठीशी नुसता झेंडूचा पडदा. मी नाहीच!

"अगं बाई," आक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "हे समदे पोरीला मारायलेत का? अक्षदा कुठं हायत? मग लगीन लागलं कसं?"

जावयानं दचकून बायकोच्या गळ्याकडं बघितलं. मंगळसूत्र जागेवर होतं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. सर लॅपटॉपवर ओणवे झालेले.

"मी 'साफ करा' म्हणून बटन दाबलं व्हतं," ते पुटपुटले. "त्याला अक्षदा म्हणजे धूळ वाटली असणार."

"अन् मी? मी बी धूळ का?"

"न्हाई मामा. तुमी... पार्श्वभूमीत व्हतात."

"पार्श्वभूमी! पोरीचं बोरन्हाण मी केलं, शालू माझ्या दुकानातला, दोन तास तिच्या मागं उभा राहून पायाला गोळे आले, अन् मी पार्श्वभूमी?"

"मामा, तुमचं तरी दाखवा मग," सर उखडले.

आता मागं हटणं नव्हतं. डबा जोडला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. आहेर झाला, बदाम उघडला, मुंडावळ्या दिसल्या, बदाम मिटला, बुंदी आली.

"ह्याच्यात तर थेट जेवणच," सासूबाई म्हणाल्या.

सर फिदीफिदी हसले. मग मात्र माझा तोल सुटला, आणि सरांचाही. तुमचा फोन, तुमची बॅटरी, तुमचं बटन, तुमचा बदाम! दाजी चहाचं सांगतो म्हणून जे उठले ते परत आलेच नाहीत. आम्ही दोघं टीव्हीसमोर उभे राहून हातवारे करत होतो आणि आमच्या मागं बुंदी चालूच होती.

कधीतरी माझं लक्ष आक्काकडं गेलं. ती पदराचं टोक मुठीत आवळून बुंदीकडं बघत बसली होती.

"तुमी दोघांनी कबूल केलं व्हतं," ती हळूच म्हणाली. "मला तुमचा बदाम बी नको अन् ती बासरी बी नको. मला लेकीचं तोंड बघायचं व्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला. डब्याचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"काका," पोरगी म्हणाली, "फोनमधलं मूळचं असंल की. न कापलेलं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. न कापलेलं दाखवायचं! ही गोष्ट दोघांनाही सुचली नव्हती. कापल्याशिवाय तो पिक्चर कसला, एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

"तसलं कसं दाखवू?" सर म्हणाले. "लय हाललंय ते."

"नका दाखवू सर," मी घाईनं म्हटलं. "एकदम बेकार आलंय." मी ते बघितलेलंसुद्धा नव्हतं. मला फक्त माझं रडणं आठवत होतं.

"दाखवा," आक्का म्हणाली.

सरांनी फोन तिच्या हातात दिला. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. आधी बराच वेळ सरांचा अंगठा. मग कुणाची तरी पाठ, छताचा पंखा, जमिनीवर एक चप्पल. मग एकदाची पोरगी. भटजींचा आवाज चढत गेला, शेवटचं 'सावधान' आलं, आणि आक्कानं झटकन तोंड खिडकीकडं फिरवलं.

"आक्का! बघ की!"

"बघू ने म्हणतात रं."

"लागून गेलंय आता लगीन. पोरगी सासरहून आलीय. बघ!"

सरांनी ते मागं घेतलं. या वेळी पोरीनंच आईची हनुवटी धरून ठेवली. सावधान. आणि अक्षता पडल्या. केवढ्या पडल्या! सगळं चित्र पिवळं झालं, दोन-चार दाणे फोनच्या काचेवर टपटप वाजले. पोरीनं मान वर केली. नवऱ्याकडं नाही बघितलं तिनं. मान वळवून, गर्दीच्या पलीकडं, भटारखान्याच्या दाराकडं बघितलं.

आक्कानं फोनवरची नजर न काढता हात पोरीच्या गालाला लावला. पोरीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पण चित्र पुढं चालूच होतं आणि त्यात पोरीच्या मागं मी होतो. बघवत नव्हतं हो. तोंड वेडंवाकडं, नाक गळतंय, टोपी कानावर. जावई खोकल्यासारखं करून हसू दाबायला लागला. सासूबाईंनी तर उघडच पदर तोंडाला लावला.

"तू लय रडलास की रं," आक्का म्हणाली.

"अक्षदा गेली डोळ्यात."

"दोनी डोळ्यांत?" सरांनी विचारलं.

मी उत्तर देणार होतो, चांगलं सणसणीत. पण आक्कानं माझा हात धरला.

"रडू द्या त्याला," ती म्हणाली. "मी तिथं नव्हते. माझ्या वाटचं रडला त्यो."

 मी दाराबाहेर बघत राहिलो, कारण डोळ्यात पुन्हा अक्षता जायला लागल्या होत्या. थोड्या वेळानं सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "मामा, सुरुवातीचा अंगठा तेवढा कापू का?"

"सर," मी म्हटलं, "हात लावायचा न्हाई."