माझा रूममेट लॅपटॉप निवडतो

अमरावतीपासून अकोल्यापर्यंतच्या पट्ट्यात माझ्या रूममेटइतका लॅपटॉप कळणारा माणूस झाला नाही, आणि त्याच्याइतका लॅपटॉप नसलेला माणूसही झाला नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं तो आणि मी अमरावतीच्या होस्टेलवर एका खोलीत राहिलो. त्या चार वर्षांत त्यानं एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे स्वतःसाठी लॅपटॉप निवडणं. अभ्यासक्रमातले बाकीचे विषय येत आणि जात, काही त्याच्याकडे दोन-दोनदाही येत, पण हा विषय त्यानं कधी सुटू दिला नाही. त्याच्या अटी साध्या होत्या. गेम खेळताना अडकायला नको, सिनेमा पाहताना अंधारात उभा असलेला माणूस दिसायला हवा, आणि हे सगळं पस्तीस हजारांत बसायला हवं. त्या काळात या तिन्ही गोष्टी एका यंत्रात नांदत नसत. हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुसरा एखादा असता तर त्यानं गेम सोडले असते किंवा बापाकडे आणखी पैसे मागितले असते. यानं वही आणली.

ती वही पाहण्यासारखी होती. डाव्या पानावर मॉडेलचं नाव, उजव्या पानावर त्याचे दोष. गुणांसाठी वेगळी जागा नव्हती, कारण गुण दुकानदार सांगतोच, असं त्याचं म्हणणं. गादीखाली माहितीपत्रकांचा थर इतका जाड झाला होता की त्याची गादी माझ्या गादीपेक्षा चार बोटं उंच दिसे. मेसमध्ये भाजीत मीठ नसलं तरी त्याला कळत नसे, पण अमक्या कंपनीनं तमक्या मॉडेलमधून वेगळं ग्राफिक्स कार्ड काढून टाकलंय ही बातमी त्याला दुकानदाराच्या आधी लागे. मग दिवसभर तो घरातलं माणूस आजारी असल्यासारखा फिरे.

परीक्षा घेण्याच्या त्याच्या पद्धती कुठल्या पुस्तकात नव्हत्या. टेबलावर चालू असलेला लॅपटॉप तो बघतसुद्धा नसे. "टेबलावर सगयेच थंडे रायतात," म्हणून तो सरळ मांडीवर घ्यायचा आणि वीस मिनिटं तसाच बसून राहायचा. दुकानदारानं चहा सांगितला तर चहा मांडीवरच्या लॅपटॉपवरून घ्यायचा, त्यामुळे मांडीच्या आधी दुकानदाराचं डोकं गरम व्हायचं. बिजागरी तो मोजून पंचवीस वेळा उघडझाप करी. आवाज तपासायला सिनेमातला कुजबुजीचा प्रसंग लावून स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राही आणि तिथून मला हाताने खुणा करी. मधून ऑटो गेला की प्रसंग पुन्हा लावायचा. पडद्याची परीक्षा सगळ्यात कडक. त्याचं गाव दर्यापूरच्या पलीकडचं, काळ्या जमिनीचं, त्यामुळे काळ्या रंगाबद्दलची त्याची मतं वंशपरंपरागत होती. सिनेमातली रात्र लावायची, डोळे बारीक करायचे आणि मान हलवायची. "हे कायं नाही भाऊ, हा मुरूम हाय," असं म्हणून एकदा त्यानं राजकमल चौकाकडच्या एका दुकानात साठ हजारांचा लॅपटॉप परत केला होता. खिशात त्या वेळी परतीच्या ऑटोचे पैसे होते.

होस्टेलमधले सगळे लॅपटॉप त्यानंच निवडले. माझाही. घरून पैसे आल्यावर मी त्याला फक्त एवढंच म्हणालो की, चल, घेऊन टाकू एखादा. 'एखादा' हा शब्द त्याला इतका लागला की तो दोन तास माझ्याशी बोलला नाही. नंतर आम्ही सतरा दिवस हिंडलो. अठराव्या दिवशी त्यानं मला जो लॅपटॉप घ्यायला लावला तो दिसायला अत्यंत कुरूप होता, त्याचं वजन आईनं दिलेल्या लोणच्याच्या बरणीएवढं होतं, आणि तो पुढे सात वर्षं कसलीही कुरकुर न करता चालला. आमच्या वर्गातल्या एका श्रीमंत पोरानं त्याला न विचारता चंदेरी रंगाचा, पापडासारखा पातळ लॅपटॉप आणला, तेव्हा हा त्याच्या खोलीवर दहाव्याला जावं तसा जाऊन आला. लॅपटॉपवरून एकदा हात फिरवला, "व्हाचं ते झालं," म्हणाला आणि निघाला. कॉलेजात त्याची ख्याती इतकी पसरली होती की तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्याला दोन प्रश्न विचारले, दोन्ही त्याला आले नाहीत, आणि तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मुलासाठी लॅपटॉप कोणता घेऊ असा विचारला. तेव्हा हा खुर्चीत टेकून बसला आणि म्हणाला, "सर, बजेट सांगा पह्यले." पास झाला.

आता गेम खेळायला लॅपटॉप नसलेला माणूस गेम कुठे खेळायचा, तर दुकानात. गळ्यात दोरीला एक पेनड्राइव्ह अडकवलेला असे. त्यात गेम, आणि गेम जिथवर आला असेल तिथवरची फाइल. लॅपटॉप तपासायचा म्हणून तो दुकानातल्या लॅपटॉपवर गेम टाके, अर्धा तास खेळे, फाइल परत पेनड्राइव्हवर घेई आणि पुढच्या दुकानात तिथून पुढे सुरू करी. पहिला किल्ला त्यानं अमरावतीला जिंकला, राजकन्येची सुटका परतवाड्याला झाली आणि शेवटच्या राक्षसाला त्यानं अकोल्याच्या एका दुकानात भर दुपारी मारलं, तेव्हा प्रिंटरची शाई घ्यायला आलेल्या चार गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदार त्याला हाकलत नसत, कारण खेळता खेळता तो आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना इतकं नीट समजावून सांगे की त्यातले दोघे-तिघे घेऊन जात.

मी त्याला कितीदा म्हटलं, अरे, माझा लॅपटॉप इथे पडलेला असतो, त्यावर खेळ. तो माझ्या लॅपटॉपवरची धूळ पुसायचा, पंख्याचा आवाज ऐकून औषधपाणी सांगायचा, पण त्यावर कधी खेळला नाही. एकदा मी फारच मागे लागलो तर म्हणाला, "दुकानात मी गिऱ्हाईक असतो बे. तुह्या टेबलावर बसलो त मांगनारा होतो." त्यावर मी त्याला शिव्या दिल्या. त्यानं त्या शांतपणे ऐकल्या आणि सिनेमा पाहताना दिवा बंद करत जा, पडदा चांगला दिसतो, असं सांगून तो झोपायला गेला.

आमच्या भागासाठी ती वर्षं बरी नव्हती. पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं वरचेवर यायची, आणि ज्या कारणासाठी यायची त्यावर मेसमध्ये कोणी बोलत नसे, कारण जेवणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी कापूसच होता. त्याच्याही घरी होता. लॅपटॉप कापूस विकला की यायचा होता, आणि त्याचे बाबा कापूस विकत नव्हते. भाव येईल म्हणून दिवाळीपासून तो घरातल्या पुढच्या खोलीत भरून ठेवलेला असे, पार आढ्यापर्यंत. म्हणजे एकाच घरात बाप कापसाचा भाव चढायची वाट बघत होता आणि पोरगा लॅपटॉपचा भाव उतरायची, आणि दोन्ही बाजार दोघांना सारखेच खेळवत होते; शेवटी पेरणीच्या तोंडावर कापूस मिळेल त्या भावात जाई आणि पैसे देण्यांत संपत. कापूस घरात फार दिवस राहिला की उन्हाळ्याच्या सुमारास त्यातून काहीतरी अंगाला लागतं आणि सगळं घर खाजवत सुटतं. त्यामुळे होळीची सुट्टी संपवून तो परत आला की आम्हाला काही विचारावं लागत नसे. तो दंड आणि मान खाजवत खोलीत शिरला की कापूस अजून घरातच आहे हे सगळ्या मजल्याला कळे. मग कोणी लॅपटॉपचा विषय काढत नसे. तोच काढायचा. म्हणायचा, यंदाची मॉडेलं काही खास नाहीत, जूनमध्ये नवी येताहेत, थांबलेलं बरं.

ही थाप आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि तो टाकीच्या आडोशाला घरी फोनवर बोलत होता. बाबा बहुतेक म्हणत होते की, पडत्या भावात का होईना, पण विकून टाकतो, तुझं काम होऊन जाईल. हा त्यांना समजावत होता, "नोका विकू बाबा. मले घाई नाही. औंदा चांगला लॅपटॉप निंघालाच नाही त घेऊ काय? राहू द्या कापूस." दुसऱ्या हातानं तो मान खाजवत होता. मी ओली चादर दोरीवर टाकून तिच्यामागेच उभा राहिलो. त्याच आठवड्यात ज्या लॅपटॉपबद्दल तो मला झोपेतून उठवून सांगत होता, तो तिन्ही अटी पूर्ण करणारा होता, आणि बाजारात आलेला होता. मी हे कोणाला सांगितलं नाही. खरं तर सगळ्यांना माहीतच होतं. जूनमध्ये काय येणार आहे, असं आम्ही त्याला मुद्दाम उत्साहानं विचारायचो आणि तोही मुद्दाम उत्साहानं सांगायचा. आमच्या मजल्यावर सभ्यपणा म्हणून जी काय गोष्ट होती ती एवढीच.

शेवटच्या वर्षी होळीनंतर तो खोलीत शिरला, बॅग ठेवली, पाणी प्याला, आणि त्यानं एकदाही खाजवलं नाही. मी त्याच्या हातांकडे बघत राहिलो. "काय पाह्यतं बे," तो म्हणाला. "विकला. परवा बाबा येऊन राहिले अकोल्याले. तूही चाल."

त्यानं राक्षस मारला होता ते अकोल्याचं दुकान पूर्वी घड्याळांचं होतं. चष्मेवाले मालक वडिलांच्या घड्याळांच्या कपाटात आता लॅपटॉप ठेवत. आम्हाला पाहताच त्यांनी सवयीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हणाले, "आओ भाऊ. आज कोन्ता तपासाचा?" मग त्यांना मागे उभे असलेले बाबा दिसले. उंच, वाळलेले, पायजमा-शर्ट, खांद्यावर दुपट्टा, आणि शर्टाच्या आतल्या खिशावर हात.

"तुमी वयखता काय याले?" बाबांनी विचारलं.

"वयखतो म्हंजे? चार साल झाले काका. घरचाच मानूस हाय."

बाबांनी एकदा त्या स्टुलाकडे पाहिलं, एकदा पोराच्या गळ्यातल्या दोरीकडे. मग हळू आवाजात म्हणाले, "तू त म्हने, चांगला निंघालाच नाही."

माझा रूममेट, जो लॅपटॉपवर सलग तीन तास बोलू शकत असे, तो गळ्यातला पेनड्राइव्ह शर्टाच्या आत सारू लागला. मी छताच्या पंख्याकडे बघायला लागलो. तेव्हा काउंटरच्या पलीकडून मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि कपाटातल्या स्वतःच्या मालाकडे बोट दाखवून म्हणाले, "बराबर सांगत होता काका तो. एवढे साल एकही माल कामाचा नव्हता. तापाचा काय, अटकाचा काय. मीच याले म्हनो, घेऊ नोको, रुकून जाय."

दुसऱ्याच्या मालात खोट काढणारे व्यापारी बाबांनी जन्मभर पाहिले होते. कापसाची गाडी उभी राहिली की ओल आहे, कचरा आहे, धागा आखूड आहे, हे ऐकतच त्यांचे केस पांढरे झाले होते. पण स्वतःच्या दुकानात उभा राहून स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा व्यापारी त्यांनी पहिल्यांदा पाहिला असावा. त्यांनी मालकांकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं हे मला समजलं. तोवर मी त्या मालकांची चार वर्षं टिंगल करण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"मंग आता निंघाला काय चांगला?" बाबांनी विचारलं.

"आता निंघाला," मालक म्हणाले.

मालकांनी जो काढून ठेवला तो माझ्या रूममेटनं मांडीवर घेतला नाही, बिजागरी मोजली नाही, आवाज ऐकायला रस्त्याच्या पलीकडे गेला नाही. नुसता हात ठेवून उभा राहिला. बिल लिहायला मालकांनी पेन काढलं आणि थांबले. चार वर्षं ते त्याला भाऊच म्हणत आले होते. नाव काय लिहू, असं त्यांनी जरा ओशाळून विचारलं. यानं बाबांचं नाव सांगितलं.

"माहं काहून?" बाबा म्हणाले. "गेम मी खेयनार हाव काय?" मग ते काउंटरवर वाकले आणि त्यांनी पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असं सगळं सावकाश सांगितलं, आणि मालकांनी एकेक अक्षर लिहून होईपर्यंत ते कागदावरून नजर न हलवता उभे राहिले. बिल हातात आल्यावर ते आधी स्वतः वाचलं, मग त्याला दिलं.

"उशीर झाला बाप्पा," ते म्हणाले.

"नाही झाला, बाबा."

झाला होता. आमचं शेवटचं सेमिस्टर संपायला दोन महिने उरले होते, नोकरी दोघांनाही लागलेली नव्हती, आणि खेळायची वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या दुकानात अर्ध्या-अर्ध्या तासानं खेळून संपवली होती. पण तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की त्या दुकानात उभं असताना बाबांना ते पटलं, आणि मलाही.