उडीतला चेहरा

एका सिनेमात पुलावरून उडी हिरोने नव्हे, आपण मारली, असं म्हातारा स्टंटमन चाळीस वर्षं सांगत आला. बायको म्हणायची, "पुरे तुमच्या थापा." जुन्या मारधाडीच्या सिनेमांच्या एका संग्राहकाकडे ती फिल्म सापडली, तेव्हा तो तिला हट्टाने घेऊन गेला.

बाकी प्रतींतून कापलेला, हिरोच्या जागी उडी मारणाऱ्या बदली माणसाचा चेहरा या एकाच प्रतीत राहिला होता. संग्राहकाने नेमकं तिथेच चित्र थांबवलं. जमलेले त्याचे मित्र पोट धरून हसले. "या ध्यानामुळेच तर प्रत दुर्मीळ!"

"तो मीच," म्हातारा म्हणाला.

"मग काका, फिल्मच्या डब्यावर सही करा की," संग्राहक म्हणाला.

बायको पडद्याजवळ गेली. "तुम्हीच हो," ती म्हणाली. "केवढे भेदरलात! आणि मला सांगायचात, भीती कशाशी खातात ठाऊक नाही."

मग तीही सगळ्यांबरोबर हसली.