उलट्या थांबल्या तेव्हा

मेथीचा वास आला की मी अजून मनानं अनसिंग गावातल्या सासरच्या त्या ओसरीत जाऊन बसते. तिसरा महिना लागला होता. त्या वासानं रोज उलटी व्हायची. त्या सकाळी झालीच नाही. बाजारासाठी जुड्या बांधता बांधता सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, सुटली तू! आता जेव पोटभर." मी जेवले, आनंदानं.

चार दिवसांनी सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके नाहीत. बाळाची वाढ आधीच थांबली आहे."

"पण रक्त नाही गेलं, दुखलं नाही!"

"कधी कधी शरीराला उशिरा कळतं. तुमची चूक नाही."

उलट्या तर गर्भ चांगला असतानाही थांबतात. मला कळणार कसं होतं? आणि आमच्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते म्हणे. कसली दृष्ट! या नियमानं बाईला रडायलासुद्धा सोबत मिळत नाही, एवढंच होतं.

दवाखान्यात गर्भपिशवी साफ करून घरी आले, त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काहून वं, गोड बातमी हाय का नाई?"

सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं.

"नाही काकू."

"होईन वं, घाई कायची!" त्या हसल्या.

आज मी गावोगाव बायकांपुढे हे मोठ्यानं बोलते. त्या संध्याकाळी मात्र मीही हसले.