सानूचं वजन

ताईचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या डेपोत मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पिशवीत सानूची धुतलेली झबली होती. तिच्या ऑपरेशनची तयारी सुरू झाली होती ना... ताई एवढंच म्हणाली, “भाऊ, तू येऊ नको आता. आम्हीच येतो.”

सानू माझी भाची. वर्षाचीही झाली नव्हती. तिला जाऊन काही आठवडे झाले. लोक म्हणतात, लिही, म्हणजे मन हलकं होईल. पण मी मन हलकं करायला लिहीत नाही. ताईनं चौथीत शाळा सोडली, लोकांच्या शेतावर रोपणीला गेली, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्या शिक्षणाचा हा उपयोग मी आज करणार आहे.

सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावर कोंबडा आरवला की सानू मान वर करून त्याला ओरडून उत्तर द्यायची. अंगानं भरलेली. आमच्याकडची पोरं हाडकुळी, त्यामुळे अंगणवाडीत सगळ्यांचे डोळे वजनकाट्यावर. सानूला झोळीत ठेवलं की बायका हसायच्या, “आली भोपळीण! काय गं, आम्हाला चोरून काय चारतेस हिला?” पर्यवेक्षिका बाईंनी तिला सुदृढ बालक म्हणून हार घातला, फोटो काढला. ताईनं तेव्हाच सांगितलं होतं, “बाई, पोट निबर लागतं हिचं. तेल लावताना हाताला दगडासारखं लागतं. जरा हात लावून बघा ना.” बाई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, “पोर हडकलं तरी रडता, भरलं तरी रडता! बाळसं आहे ते.” पुढच्या खेपेलाही ताईनं विचारलं, त्याच्या पुढच्याही. वजन वाढतच होतं. हात कुणी लावला नाही.

डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही तिला मुंबईला नेलं. वाढत होती ती पोटातली गाठ. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर यकृताच्या दोन्ही बाजूंना पसरलाय, नुसती गाठ कापून निघणार नाही. औषधांनी ती आक्रसली की अख्खं यकृत काढायचं आणि आईच्या यकृताचा तुकडा बसवायचा. ताईनं विचारलं, “माझं कापलेलं परत भरतं?” “भरतं.” “मग मोठा काढा.” तपासण्यांत ताईचं यकृत जुळलं. त्या दिवशी ती वॉर्डात दोन पोळ्या जास्त जेवली. म्हणाली, “मला आता दोघींपुरतं खायचंय.” पण सानूचं यकृत औषधं चालू असतानाच बंद पडलं. रक्त थांबेना. लवकर आणली असती तर ती वाचण्याची खूप चांगली शक्यता होती, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. हळू का म्हणाले, कोण जाणे. मला ते अंगणवाडीच्या दारात उभं राहून ओरडून सांगायचंय.

परवा पर्यवेक्षिका बाई भेटायला आल्या. ओटीवर बसल्या, पदरानं डोळे टिपले. “देवाची मर्जी,” म्हणाल्या. ताई आतून आली. तिनं बाईंचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर, उजव्या बरगडीखाली दाबून ठेवला. “इथं चिरणार होते, बाई. बघा, कोरंच राहिलं. माझ्या पोरीला हात लावायला सांगत होते तेव्हा लावला नाहीत. आता लावा.” बाई हात सोडवायला बघत होत्या. ताईनं सोडला नाही. मी मधे पडलो नाही.

मग बाई उठल्या. ऊन टळटळीत होतं, त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी एकदा कोपऱ्यातल्या हंड्याकडे पाहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी दरीतून डोक्यावर आणावं लागतं, तरी आल्या माणसाला आधी तांब्या पुढे करतात. कुणी तहानलेलं आमच्या ओटीवरून गेल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी बाई तशाच गेल्या.