पायाळूच्या नवऱ्याची कंबर

कौसल्या गेली, तो सोमवार होता.

माणसं दुपारपर्यंत येत राहिली. महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणी गेलं की लोकांचा हात डोळ्यांकडे जातो. त्या दिवशी बऱ्याच जणांचा कंबरेकडे जात होता. माझी बायको पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी आले, आणि अशा माणसाने लाथ मारली की कंबरेत भरलेली उसण निघते, यावर गल्लीचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती आलेल्यांच्या कंबरा मोकळ्या करून देई. लाथ मारून झाली की त्याच माणसाच्या पाया पडे. (तो वयाने मोठा असला तर. लहान असला तर नुसती लाथ.)

सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं, आणि मी सायकल घेतली.

विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात ती मिळाली. साहेब ताडासारखा असावा. सीटचा दांडा वरच गंजून बसला होता. पॅडल खाली गेलं की त्याच्यामागे मीही एका बाजूला घसरत जाई, मग दुसऱ्या बाजूला. आणि हँडल इतकं दूर, की मी साष्टांग नमस्कार घालतच सीताबर्डीच्या शाळेत पोहोचत असे. एका पुस्तकात वाचलं, की कंबर वाचवायची तर पाठ ताठ ठेवावी. ठेवली. मग हात हँडलला पुरेनात, आणि वाटेतल्या तलावाजवळ मी एका उभ्या बैलाला जाऊन भेटलो.

बैलाला काही झालं नाही. मी काटकोनात घरी आलो.

शनिवारी शाळेत इन्स्पेक्टर येणार होते. मी हंगामी मास्तर. हेडमास्तरांनी बजावलं होतं: शनिवारी वर्गात दिसलात तर कायम, नाही तर जागा दुसऱ्याला.

मोहाचं तेल झालं, निर्गुडीचा शेक झाला. शुक्रवारी सकाळी आई म्हणाली, “घरी पायाळू बसली आहे अन् तू कण्हून राहिला. मार वं पोरी याले एक लाथ.”

कौसल्येच्या हातातलं भांडं पडलं. “आत्याबाई, नवऱ्याले लाथ मारू? नरकात जाईन मी.”

“अन् त्याची नोकरी गेली तर याच जन्मी उपाशी राहशील.”

“उपाशी राहीन. लाथ नाही मारत.”

आई विचारात पडली. दुपारी तिने निकाल दिला. “ओळखून मारली तर पाप. न ओळखता लागली तर नुसता पाय लागला. बजारात नाही लागत?”

त्याप्रमाणे अंगणात शेजारचे गणपतराव, त्यांचे भाऊ आणि मधे कुठेतरी मी, असे ओळीने पालथे निजलो. सगळ्यांवर सारख्या चादरी. कौसल्येने एका टोकाकडून लाथा मारत यायचं.

पहिली गणपतरावांना बसली.

“हळू, वयनी. मले काहीच नाही झालं, मी नुसता भरतीले झोपलो आहो.”

(उठले तेव्हा झालं होतं.)

मी चादरीखाली पुस्तक नेलं होतं. किती वेळ लागेल, सांगता येत नव्हतं. पावलं जवळ आली आणि मी नेमकं पान उलटलं.

पावलं थांबली. “आत्याबाई,” कौसल्या म्हणाली, “हे वाचून राहिले.”

“तू काहून ऐकलं?”

 मग माझ्या पायांवर तिचं कपाळ टेकलं. चादरीतूनही ओलं लागलं. त्यानंतर तिचा पाय कंबरेवर आला. लाथ कसली, मांजर चालून जावं तसा.

चमक तसूभर हलली नाही. पण मी तिचा चेहरा पाहिला.

“गेली,” मी म्हणालो.

“खरंच गेली?”

“पार गेली.” आणि पटवण्यासाठी ताठ उभा राहिलो. भर दुपारी काजवे दिसले.

शनिवारी तिच्यादेखत सायकलवर चढलो, वळणापर्यंत चालवली, आणि पुढे हँडलवर ओणवा होऊन पायी शाळेत गेलो. बसलो असतो तर उठलो नसतो, म्हणून दिवसभर उभ्याने शिकवलं. इन्स्पेक्टर हेडमास्तरांना म्हणाले, “हा माणूस खुर्चीला शिवत नाही. असेच मास्तर पाहिजेत.”

मी कायम झालो. श्रेय लाथेला गेलं.

आता पंचाईत अशी, की माझ्यासाठी तिने नरक पत्करला, तो फुकट कसा जाऊ द्यायचा? म्हणून त्या दिवसापासून माझी कंबर दुखायची थांबली. म्हणजे, घरात थांबली. लोहाराकडून दांडा कापून सीट खाली घेतली, हँडल मागे ओढवून घेतलं. घरी सांगितलं, हल्ली अशीच फॅशन आहे. तलावाशी उतरून कंबरेवर हात ठेवायचे, मागे वाकायचं, मग पुढचा रस्ता. गणपतरावांनी एकदा ते पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, “मास्तर रोज सूर्याकडे तोंड करून उभे राहतात, वयनी. मोठा भाविक माणूस आहे.” कौसल्येला इतका आनंद झाला, की तिने मला रविवारचा उपास लावून दिला.

कधी कधी ती विचारी, “कंबर बरी आहे ना हो?”

“तुझ्या पायाची कृपा.”

ती लाजून आत जाई, आणि मी भिंत धरून खाली बसे. पुष्कळदा वाटलं, सांगावं. म्हणावं, पुन्हा एकदा मार, या वेळी जरा जोरात. राहून गेलं.

आता घरात मी एकटाच असतो. कण्हायला पूर्ण मोकळीक आहे.