काळ्या कड्याची तीती

माझी आत्या आसुंता कालिसाया हिला सगळं खोरं वचकून असे. बुटकी, पाठीवर दोन वेण्या, डोक्यावर तपकिरी हॅट आणि जिभेला हाड नाही. आईबाप गेल्यावर तिनेच मला लामांच्या, म्हणजे आमच्या लोकरी जनावरांच्या, कळपाबरोबर वाढवलं, आणि लामांवर तिचा जीव जास्त होता असं मला अजूनही वाटतं. "लामा उपाशी राहिला तर मरतो. तू नुसता रडतोस," असं ती तोंडावर सांगायची.

पुढे मला रानखात्यात नोकरी लागली. काम एकच, तीतीवर लक्ष ठेवायचं. तीती म्हणजे आमच्या उंच डोंगरातली रानमांजर. रंग राखाडी, अंगाइतकीच लांब जाडजूड शेपटी, तिच्यावर काळपट वेढे. जिथे झाड उगवत नाही तिथे ती खडकांच्या कपारीत राहते आणि विस्काचांवर जगते. विस्काचा हा सशासारखा प्राणी, तो कमी झाला की तीतीही संपते. आमच्या माहितीत खोऱ्यात एकच उरली होती. सहा वर्षांत मी तिला डोळ्यांनी दोनदा पाहिलं. बाकी सगळी ओळख काळ्या कड्याला बांधलेल्या कॅमेऱ्यातून. तिची एक वाईट खोड आहे, ती माणसाला भीत नाही. पळायचं सोडून बसून बघत राहते. एक नेमका दगड पुरतो.

आणि आमच्यात दगड मारायचीच रीत आहे. कार्निव्हलच्या दिवसांत लामांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात, तेव्हा कोकाच्या पानांवर पेंढा भरलेली तीती मांडावी लागते. कळपाची बरकत तिच्यात असते. जिवंत तीती समोर आली आणि तुम्ही तिला तशीच जाऊ दिली, तर ती बरकत घेऊन जाते. आत्याच्या घरातली तीती तिच्या आजीच्या वेळची होती. त्या वर्षी कसरीने तिचं डोकं खाल्लं, आणि त्याच वर्षी लामांची अकरा पिल्लं एकामागून एक मेली.

"दामासो, माझा कळप बसला रे," आत्या म्हणाली. तिला असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला समजवायला गेलो आणि मूर्खासारखा तीतीचा फोटो दाखवला. "बघ आत्या, काय देखणी आहे. काळ्या कड्यापाशी असते. हिला मारून कसं चालेल?"

ती फोटो बराच वेळ बघत राहिली. "देखणी आहे खरी," म्हणाली.

चौथ्या दिवशी मी गेलो तर तीतीचं कातडं आत्याच्या अंगणातल्या भिंतीवर उन्हात वाळत होतं.

"तूच तर जागा सांगितलीस," आत्या म्हणाली. "समोर बसली होती. जाऊ देऊ? उरलेला कळपही जाऊ देऊ?"

"खुनी आहेस तू!"

"असं? आणि तू कशावर वाढलास रे? फोटोंवर?"

मी फटफटीला किक मारली. आत्या चारपाच पावलं माझ्या मागे धावली. "थांब मेल्या, ऐक तरी! एक गोष्ट सांगायचीय!" मला काही ऐकायचं नव्हतं. माझा राग असाच आहे, एकदा डोक्यात गेला की कान बंद.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या गावी आली. चालत चार तासांची वाट. मी आत बसलो आणि बायकोला, नीवेसला, म्हटलं, "सांग, घरी नाही."

"दामासोला कड्याकडे पाठव," आत्या दारातून म्हणत होती. "तातडीचं आहे."

"मला सांगा ना, मी निरोप देते," नीवेस म्हणाली.

"माझ्या हातचं पाप आहे, त्यालाच सांगेन."

सहाव्या दिवशी ती पुन्हा आली. नीवेस आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, पाय सुजलेत त्यांचे. भेटा तरी."

"कड्यावर आता काय उरलंय बघायला?" मी म्हणालो.

मार्चमध्ये कॅमेरा सोडवून आणायला गेलो. कपारीचं तोंड दगडांनी बंद केलेलं होतं. मी तिथेच बसून फोटो पाहिले.

पहिल्या फोटोंत कपारीच्या तोंडाशी दोन पिल्लं होती. तीती पिल्लांची आई होती. कातडं काढताना आत्याच्या हाताला दूध लागलं असणार, आणि तेच ती मला ओरडून सांगत होती. पुढच्या फोटोंत आत्या. खांद्यापर्यंत हात कपारीत घातलेली. आत्या, तोंडातलं काहीतरी काढून दगडावर ठेवताना, चावून मऊ केलेलं मांस असणार. पिल्लू पुढे येतंय, ती हात लांबवतेय, पिल्लू आत. रोज हेच. आमच्या भांडणानंतरच्या चौथ्या दिवसापासून एकच पिल्लू दिसत होतं. माझ्याकडे पिंजरा होता, हातमोजे होते, पिल्लांना वाढवणारं केंद्र ओळखीचं होतं. घरून कड्यापर्यंत फटफटीवर अर्ध्या तासाची वाट.

सहाव्या दिवशी सकाळी सातला पिल्लू जिवंत आहे. मान वर करून तिच्याकडे बघतंय. सातव्या आणि आठव्या दिवशी ती एकटीच कपारीपुढे बसलेली. नवव्या दिवशी ती तीतीचं कातडं आत सरकवते आणि दगड रचते. म्हणजे गोंड्यांचा सण तिने तीतीशिवायच केला. तेव्हा कळपात सात लामा उरले होते.

मी तिच्याकडे गेलो. ती चुलीपुढे सुकवलेले बटाटे भिजत घालत होती. मला बघून तिने वाडगा पुढे सरकवला.

"आत्या," मी म्हणालो, "तू आलीस तेव्हा मी घरातच होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "फटफटी दारातच होती."